मागे दोन खोल्या वाढवायच्या आहेत: कवेलूच्या छपराला आडं घ्यावं की कैची?

वावर_देवळी

राम राम मंडळी. देवळी तालुक्यातलं आमचं गाव, सात एकर वावर, कपाशी आणि तूर. घर आजोबांनी बांधलेलं. दीड हात जाड मातीच्या भिंती, वर सागाचे वासे, बांबूच्या कमच्या आणि दुहेरी कवेलू, म्हणजे देशी कौलं. पुढे छपरी, मधे माजघर, मागे सयपाकघर. हे सयपाकघर आता पुरत नाही आणि बाबांना वेगळी खोली हवी आहे, म्हणून मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, १५ फूट रुंद, १८ फूट लांब बांधकाम काढतोय. मधे एक भिंत, तिच्या अलीकडे ९ फुटांचं सयपाकघर, पलीकडे ९ फुटांची खोली.

छप्पर उतरतंच ठेवायचं हे घरात पक्कं आहे. मागच्या उन्हाळ्यात बाबा आठ दिवस काकांच्या स्लॅबच्या घरी राहिले. पारा ४५ च्या वर. रात्री अकरा वाजता मी तिथे गेलो तर बाबा खाट ओढत अंगणात आणत होते. भिंतीला हात लावला, तवा उतरवून ठेवल्यावर जसा राहतो तशी ती गरम होती. घरी आले आणि म्हणाले, मला कवेलूखालीच झोपू द्या.

प्रश्न छप्पर कशावर तोलायचं याचा आहे. वेल्डर म्हणतो, जुन्या घराच्या मागच्या भिंतीवर पाइपाचं एक टोक ठेवतो, दुसरं टोक दोन खांबांवर, वर टिना टाकतो, चार दिवसांत काम होते. गावातले सुतार म्हणतात, आडं (छपराच्या शेंड्याखालचं लांब आडवं लाकूड) घ्या, सागाचं घ्या. गवंडी म्हणतो, कॉलम उभे करून लोखंडी कैच्या, म्हणजे त्रिकोणी सांगाडे, बसवू. तिघंही आपापल्या जागी बरोबर वाटतात, पण कोणीच 'का' ते सांगत नाही.

माझी भीती कुठून आली तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही कवेलूचा गोठा उतरवून टिनाचा केला. कारागीर बाहेरचा होता. मागच्या मे महिन्यात संध्याकाळी वादळ आलं, दहा मिनिटांचंच. मी वावरातून येत होतो, डोळ्यांदेखत अख्खा गोठा उचलला गेला. टिना पाइपापासून सुटल्या नाहीत. पाइप, खांब, टिना सगळं एकसंध उठलं आणि शेजारच्या वावरात उलटं पडलं. जनावरं चरायला गेली होती, नाहीतर काय झालं असतं. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक खांबाच्या बुडाला सिमेंटचा एक गोळा होता, पाणी शेंदायच्या बादलीएवढासुद्धा नाही. तेवढ्या गोळ्यावर आमची सहा जनावरं बांधलेली असायची.

आता त्याच हातांनी आईबाबांच्या डोक्यावर छप्पर घालायचंय. गोठ्याचं उतरवलेलं साग आणि कवेलू जपून ठेवलंय, ते वापरता आलं तर फार बरं. जमीन काळी आहे. मागे संडासाचा खड्डा खणला तेव्हा साडेपाच फुटांवर मुरूम लागला होता. मृगाच्या आधी काम उरकायचं आहे. कृपया कारणासकट सांगा.

तीन_मजली

भाऊ, माझं मत विचाराल तर स्लॅबच टाका. कवेलू दर वर्षी फेरावं (काढून पुन्हा रचावं) लागते, फेरणारी माणसं आता भेटत नाहीत, वानरं फोडतात ते वेगळं. गरमीसाठी स्लॅबवर चुना मारा, वर हिरवी जाळी लावा. पुढे वर खोली चढवता येते.

वावर_देवळी

दादा, तुमचं खरं आहे, फेरणारे भेटत नाहीत. पण बाबांचं वय ७१ आहे, वर खोली चढवायचा विचार नाही आणि त्यांची झोप मला जास्त मोलाची वाटते. छप्पर उतरतं धरूनच सल्ला द्या.

सेलूचा_इंजिनिअर

मी मूळचा सेलूचा, नागपुरात स्ट्रक्चरचं काम करतो. तुमचा गोठा का उडाला इथूनच सुरू करतो, कारण उत्तर त्यातच आहे.

टिनाचं वजन चौरस फुटाला अर्धा किलोही भरत नाही. खालचे पाइप धरले तरी दीड किलोच्या आसपास. वाऱ्यासाठीचं भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतो, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. या वेगाला वाऱ्याचा दाब चौरस फुटाला ११ किलोच्या आसपास निघतो. छपरावरून वारा वाहतो तेव्हा तो छपराला वर ओढतो, आणि गोठ्यासारखी बाजू उघडी असेल तर आतूनही ढकलतो. आता दीड किलो खाली आणि दहा-अकरा किलो वर, काय होणार? तुमच्या कारागिराने खांब छपराचं वजन पेलण्यापुरते केले. छपराला जमिनीला धरून ठेवायचं असतं, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

दुहेरी कवेलूचं गणित याच्या नेमकं उलटं आहे. मानकात रिपांसकट दुहेरी देशी कवेलूचं वजन चौरस मीटरला सुमारे १२० किलो धरतात, एकेरीचं ७०, मंगलोरी कौलांचं ६५. दुहेरी कवेलू, वासे आणि उताराची वाढलेली लांबी धरली तर तुमच्या छपराचं वजन खालच्या जमिनीच्या चौरस फुटामागे १६ किलोच्या घरात जातं. १५ गुणिले १८ म्हणजे २७० चौरस फूट. साधारण सव्वाचार टन. एवढं वजन वारा सहजी उचलत नाही. पण ते भिंतींना बाहेर ढकलतं.

दोन वासे वर एकमेकांना टेकवून उभे केले, मधे आधार काहीच नाही, तर त्यांचे पाय फाकू पाहतात. शिडी गुळगुळीत फरशीवर उघडून ठेवली की मधली दोरी ताणली जाते ना, तसंच. दोरी नसेल तर शिडी फतकल मारते. तुमच्या मापाने आड्याची उंची वळचणीपासून ५ फूट घेतली आणि वाशांच्या जोड्या अडीच फुटांवर ठेवल्या, तर प्रत्येक जोडी भिंतीला सुमारे २२५ किलोने बाहेर रेटते. पूर्ण १८ फुटांत दीड टनाच्या वर रेटा. उंची कमी करून ३ फूट केली तर हाच रेटा जोडीमागे पावणेचारशे किलो होतो. बसकं छप्पर स्वस्त पडेल असं वाटतं, पण भिंतीला ते महाग पडतं.

हा रेटा घालवायचे रस्ते दोनच. एक, वाशांच्या पायांना आडव्या तिराने, म्हणजे दोन्ही वाशांना जोडणाऱ्या आडव्या लाकडाने, बांधायचं. कैची म्हणजे हेच, नीट जोडलेला त्रिकोण. तीर खालच्या तिसऱ्या हिश्श्यात असला पाहिजे. वर शेंड्याजवळ ठोकलेली आडवी पट्टी पाय फाकणं थांबवत नाही. दुसरा रस्ता, आडंच इतकं मजबूत घ्यायचं आणि त्याला खालून असा आधार द्यायचा की वाशांचं वरचं टोक त्याच्यावर बसेल. मग वासा भिंतीवर सरळ खाली वजन देतो, रेटा उरत नाही.

तुमच्याकडे नशिबाने मधली भिंत आहे. सलग १८ फुटांचं आडं घेतलं तर छपराचं निम्मं वजन, दोन टनांहून जास्त, त्या एका लाकडावर लोंबकळणार. त्यासाठी लाकूड पुरणार नाही, लोखंडी गर्डर लागेल आणि तोही मोठ्या मापाचा. मधल्या भिंतीवर खांब उचलून आडं ९-९ फुटांत तोडलं की वाकवणारा जोर चौपट कमी होतो आणि झोळ त्याहून कितीतरी पटीने उतरतो. मग साग आरामात पेलेल. तुमच्याकडच्या लाकडांची मापं टाका, मी तपासून देतो.

आता वेल्डरचा बेत. जुन्या मातीच्या भिंतीवर नवं काहीही ठेवू नका. मी हे अगदी कळकळीने सांगतोय. ती भिंत गेली कित्येक वर्षं एका ठरावीक वजनाला सरावली आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगांत हात जातो हे तुम्ही रोज पाहता. जुनं घर एका तालाने वरखाली होतं, नवं दुसऱ्या तालाने होणार. दोघांना एका पाइपाने बांधलं की पहिला तडा त्या पाइपाखालीच जाणार. आणि टिना असल्या तर वादळात ओढ थेट त्या मातीच्या भिंतीला.

नवा पाया मुरुमात न्या. साडेपाच फुटांवर मुरूम असेल तर त्याच्या आत आणखी अर्धा फूट. पण हा खड्डा जुन्या भिंतीला लागून खणू नका, जुना पाया उघडा पडून भिंत खड्ड्यात येईल. म्हणून माझा सल्ला असा की जुन्या घरात आणि नव्या बांधकामात चार फुटांचा बोळ सोडा. बोळावर हलकं टिन, ते फक्त नव्या बांधकामाला बांधलेलं. दोन छपरांच्या सांध्यात पाणी तुंबायचा प्रश्नही यात सुटतो.

वावर_देवळी

साहेब, मनापासून आभार. बोळाचा विचार आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हता. आईला विचारलं, ती म्हणाली चार पावलं चालले तर पाय झिजत नाहीत, उलट धुणं वाळत घालायला जागा झाली. जुन्या घराचं जोतं सांदवाडीपेक्षा दोन फूट उंच आहे, त्यामुळे जुन्या वळचणीखालून टिन काढलं तरी डोक्याला लागत नाही.

आज सकाळी साग मोजलं. तीन मयाली (जाड तुळया) आहेत, प्रत्येकी साडेदहा फूट लांब, ५ इंच बाय ७ इंच. वासे ३ बाय ४ इंचांचे, साडेदहा ते अकरा फुटांचे, २२ नग. एका मयालीच्या मधोमध जुनी खाच आहे, दोन इंच खोल. दोन वाशांच्या टोकाला उदई (वाळवी) लागलेली दिसते.

सेलूचा_इंजिनिअर

५ बाय ७ ची मयाल ९ फुटांच्या गाळ्यात दुहेरी कवेलूला पुरते, वर माणूस चढला तरी. फक्त ७ इंचांची बाजू उभी ठेवा. लाकडाची ताकद उंचीच्या वर्गाने वाढते, आडवी घातली की तेच लाकूड बरंच कमी जोर दाखवतं. मधोमध खाच असलेली मयाल आड्याला वापरू नका. वाकताना सगळ्यात जास्त ताण मध्यभागी खालच्या अंगाला येतो, आणि नेमकी तिथेच खाच असेल तर लाकूड तिथूनच उकलतं. साडेदहाचे वासे बरोबर बसतात: ९ फूट उतार आणि दीड फूट वळचण. अडीच फुटांवर आठ जोड्या, म्हणजे १६ वासे. दोन उदईचे टाकून दिले तरी तुमच्याकडे चार शिल्लक.

रंदा_पटाशी

राम राम भाऊ. मी हिंगणघाटाकडचा सुतार. बाप सुतार, आजा सुतार. नातू टाइप करून देऊन रायला, मी बोलून रायलो. इंजिनिअर साहेबानं सांगतलं थे बंदं बरोबर हाय, पण कागदावरची गोष्ट लाकडावर कशी उतरते थे मी सांगतो.

आंधी माही एक गोष्ट आयका. मी बावीस वर्साचा असन. एका गावात मोठ्या घराचं काम होतं, तेरा फुटाची खोली, कवेलू दुहेरी. म्या दर दोन जोडीले आडवा तीर टाकला होता. मालक म्हणे, तीर लय खाली येते, डोळ्याले बरा दिसत नाई, काढून टाक. मी लहान, मालक मोठा माणूस. म्या तीर काढले. वर शेंड्यापाशी पट्ट्या ठोकल्या अन् समजलो का काम झालं. पयला पावसाळा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या वर्सी आखाडात निरोप आला का भिताड पाहून जा. गेलो. खोलीत उभा रायलो तं वाशाच्या बुडातून अन् भिताडाच्या मधातून उजेड दिसत होता, बोटभर पट्टी, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यालोक. बाहीरून ओळंबा सोडला. वर दोरी भिताडाले चिकटली होती, खाली लंबक चार बोटं दूर लोंबत होता. भिताड बाहीर झुकलं होतं भाऊ. घरात बाळंतीण होती. आम्ही त्याच दिवशी तिले शेजारी नेलं, कवेलू उतरवलं, बल्ल्याचे टेके देल्ले. कोनाले काई झालं नाई, देवाची कृपा. त्या घराचं काम म्या नंतर फुकट करून देल्लं. पण थो बोटभर उजेड मले अजूनही दिसते. तवापासून कोनी म्हणे तीर काढ, तं मी काम सोडतो पण तीर काढत नाई.

तुमच्या घराले मी आडंच सांगीन, कैची नाई. काहून का तुमच्यापाशी लाकूड हाय, मधात भिताड हाय अन् खोली नऊ-नऊ फुटाची हाय. कैची चांगली, पण थे जोडावर चालते. जोड चुकला तं कैची गेली. लोखंडी कैची करणारा पोरगा वेल्डिंग कसं करते, थे वरून समजत नाई. अन् पाइप घ्याचाच असन तं काट्यावर ठेवून घ्या. दोन इंची चौकोनी, वीस फुटी पाइप दोन मिलीमीटर जाडीचा असन तं अठरा किलोच्या आसपास भरते. दुकानदार तोच पाइप सव्वा मिलीमीटरचा देते, थो बारा किलोच्या आतच भरते. डोळ्याले दोनही सारखेच दिसते.

आता आडं कसं बसवाचं थे आयका. तिकोनी भिताडावर आडं सरळ ठेवू नका, खाली फरशीचा नाई तं सिमेंटचा चांगला पाट द्या, नाईतं टन-टन वजन चार इटांवर येते अन् इटा फुटते. मधात जो खांब येईन, थो मधल्या भिताडातून वर काढा. सागाचा द्याचा असन तं त्याच्या बुडाखाली तळखडा पायजेच, दगडाचा, जमिनीपासून हातभर उंच. लाकूड मातीले टेकलं का उदई दुसऱ्या वर्सी वर चढते. दोन मयालीचा जोड बरोबर खांबाच्या डोक्यावर आला पायजे, अर्धा-अर्धा खाचून एकावर एक, अन् दोन बोल्ट. खांबाच्या बाजूले जोड देऊ नका.

अन् वाशाची खाच. हेच माणसं चुकते. वासा भिताडावरच्या लाकडी पाटीले जिथं टेकते, तिथं त्याले आडवी सपाट खाच माराची, खोली वाशाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच. मंग थो पाटीवर बसते, घसरत नाई. तिरपाच ठेवला अन् खिळा ठोकला तं त्याचा रेटा खिळ्यावर जाते. वरतं आड्यावरही तशीच खाच. दोनही टोकं बसली पायजे, टेकली नाई पायजे.

आडं धरलं तरी मी दोन-तीन जोडीले तीर टाकीनच. साहेब म्हणन गरज नाई. नसन. पण उद्या मधल्या खांबाखाली जमीन बसली तं आडं थोडं खाली येईन, अन् मंग वासे पाय फाकवाले लागते. तुमच्याकडे खाच असलेली तिसरी मयाल हाय ना, तिले चिरून तीर करा. तिराले ओढ लांबीत येते, वाक नाई येत, म्हणून थे खाच मधात नाई येईन अशी चिरली का काम भागते.

जुनं साग वापराच्या आंधी वाजवून पाहा. हातोड्याच्या दांड्यानं ठोकत जा, टणटण वाजलं तं ठीक, भद्द वाजलं तं आतून पोकळ. पेचकस टोचून पाहा. बाहीरचं पांढरं लाकूड गेलं असन तं काई नाई, थे तासून टाका, आतलं लाल-पिवळं गाभ्याचं लाकूड शाबूत पायजे. उदईवाले दोन वासे जाळाले बी घरात ठेवू नका, सांदवाडीच्या बाहीर न्या. लाकूड कमी पडलं तं बल्लारशाच्या डेपोतलं पावती अन् टीपी, म्हणजे वाहतुकीच्या पाससकट घ्या, रस्त्यावर कोनी सस्तं देईन तं घेऊ नका.

सेलूचा_इंजिनिअर

काका, तिराबद्दल तुमचं म्हणणं मला पटलं. काळ्या जमिनीत मधला खांब बसू शकतो, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. तीर टाकाच. आणि भाऊ, मधल्या भिंतीचा पायाही बाहेरच्या भिंतींइतकाच मुरुमात न्या. आतली भिंत म्हणून लोक ती वर-वर उचलतात. तुमच्या घरात एका जागी सगळ्यात जास्त वजन तिथेच येणार आहे. आड्याचं निम्मं ओझं एकटा मधला खांब घेतो, उरलेलं निम्मं टोकांच्या दोन भिंती वाटून घेतात.

माहेर_आर्वी

वावर_देवळी दादा, मी बांधकामातली नाही, पण कवेलूखाली राहते म्हणून लिहिते. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी नवीन पद्धतीने केलं. वाशांवर आधी टिना, त्यावर उभ्या रिपा, त्यावर आडव्या रिपा आणि वर एकेरी कवेलू. टिन आणि कवेलूच्या मधे दोन इंचांची पोकळी राहते, तिच्यातून वारा खालून वर निघून जातो. दुपारी दोन वाजता मी टिनाला खालून हात लावून पाहिला आहे, कोमट असते, चटका बसत नाही. आणि वानरांची टोळी आली, पाच-दहा कवेलू फुटले, तरी आत थेंब पडत नाही. पाणी टिनावरून खाली जाते. आधी आम्ही वळचणीवर बाभळीचे काटे टाकायचो, तरी वानरं ऐकत नव्हती. आता फुटलेले कवेलू सवडीने बदलते. दर वर्षी फेरणारा माणूस शोधायचं दुखणं गेलं.

एकच सांगते, टिन आणि कवेलूच्या पोकळीच्या दोन्ही तोंडांना बारीक जाळी लावा. आम्ही पहिल्या वर्षी नाही लावली, चिमण्यांनी आणि उंदरांनी घर केलं. एकदा सापही निघाला.

सेलूचा_इंजिनिअर

ताईंची पद्धत फार चांगली आहे आणि वजनालाही परवडते. दुहेरीऐवजी एकेरी कवेलू आणि टिन घेतलं तर छपराचं वजन एक टनाहून जास्त कमी होतं. पण भाऊ, छप्पर हलकं झालं की वाऱ्याचा विचार पुन्हा आला. वळचण जितकी बाहेर, तितकी वारा तिला खालून उचलतो. भिंतीच्या डोक्यावर सिमेंटचा सलग पट्टा घाला, त्यात दर चार फुटांवर १२ मिलीमीटरचा बोल्ट आधीच रोवून ठेवा, आणि भिंतीवरची लाकडी पाटी त्या बोल्टांनी आवळा. पाटीला वासा खिळ्यावर सोडू नका, लोखंडी पट्टीने बांधा. छपरापासून पायापर्यंत कुठेही साखळी तुटता कामा नये. तुमच्या गोठ्याची साखळी अगदी शेवटच्या कडीला तुटली होती.

वावर_देवळी

सगळ्यांचे उत्तर बाबांना वाचून दाखवले. काकांची ओळंब्याची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग उठून आमच्या जुन्या माजघरात गेले आणि वर बोट दाखवून म्हणाले, पाह्य, तुह्या आजानं हे तीर टाकले होते ते उगीच नाही. मी चाळीस वर्षं त्या तिरांवर कणसं आणि कांद्याच्या माळा टांगलेल्या पाहतोय. ते टांगायलाच असतात असं समजत होतो.

ठरलं ते असं. चार फुटांचा बोळ सोडून नवं बांधकाम. पाया मुरुमात, मधल्या भिंतीसकट. आडं सागाचं, दोन तुकड्यांत, मधे तळखड्यावर खांब. वासे १६. तिसरी मयाल चिरून तीन तीर. वर टिन, रिपा आणि गोठ्यातलं एकेरी कवेलू, जाळीसकट. वेल्डरला नाही म्हणून सांगितलं. त्याला वाईट वाटलं, म्हणून बोळाच्या टिनाचं काम त्याला दिलं, पण खांबांचे खड्डे मी उभा राहून खणून घेणार आहे.

एक शंका उरली. काका, मधला खांब सयपाकघराच्या भिंतीत येतो. भिंत विटांची, साडेचार इंची. खांब भिंतीत चिणून टाकावा की उघडा ठेवावा? आई म्हणते चिणा, धूळ बसते.

रंदा_पटाशी

मायबाईले सांगा, चिणू नका. चिणलेला खांब आतून कधी सडला थे कोनाले समजत नाई. विटांच्या दोनही बाजूले अर्धा-अर्धा इंच जागा सोडा, खांब उघडाच राहू द्या, दोनही खोल्यातून दिसला पायजे. वर्सातून एक डाव दिवाळीच्या सारवण-पोतणीत त्याले जवसाचं तेल चोळा अन् बुडाशी हातानं चाचपून पाहा. उदई मातीची नळी करत चढते, थे नळी तळखड्यावर पयले दिसते. साडेचार इंची भिताडावर त्याचं वजन टाकू नका, खांबाचा तळखडा पायातूनच सिमेंटावर घ्या, भिताड बाजूनं येऊ द्या.

अन् आडं चढवाच्या दिवशी मले सांगा. हिंगणघाटून मोटारसायकलनं येतो.